नीरा

"नीरा," ती म्हणाली, आणि रुमालाची गाठ सोडली.
मला आधी नदीच आठवली, लोणंदच्या वाटेवरची,
उन्हाळ्यात वाळूत शिरून बसणारी.
इथे मनामात, बाब-अल-बहरैनच्या मागल्या गल्लीत,
जुन्या माणसांच्या तोंडी नीरा म्हणजे सोन्याचं नाणं.
आपण गिनी म्हणतो.

मी विट्याकडचा, गलाईवाला.
मुशीत काय जातं हे आम्ही फारसं बघत नाही,
काय निघतं ते बघतो.
पण धरमसी शेठ जेवायला गेलेले,
दुपारी दीडची गल्ली ओस,
एसीचं पाणी तुपाच्या रिकाम्या डब्यात ठिबकतंय,
आणि उम्म खलफ स्टुलावर बसून राहिलेली:
खरी आहे का? आणि कितीची?

खरी आहे का, हे सोपं असतं.
कसोटीवर तिची एक रेघ, शेजारी माझ्या बावीसच्या काडीची,
वर तेजाबाचा थेंब. दोन्ही तशाच राहिल्या.
काचेवर टाकली तर आवाज बुजका आला,
पण कडी डाखलेली होती, त्यावर जाऊ नये.
वजन आठ बासष्ट.
कोरी गिनी सात अठ्ठ्याण्णव भरते,
वरचं सगळं कडीचं आणि डाखाचं.
खोट्या गिन्याही चांगल्या सोन्याच्या असतात कधीकधी,
अक्षरं मात्र फुगीर, वापरलेल्या साबणावरच्यासारखी.
हिची अक्षरं धारदार होती.

मग भिंग.
एकीकडे दाढीवाला राजा, डावीकडे बघणारा,
मिशीचा केस न् केस जागेवर.
दुसरीकडे घोडेस्वार, टाचांखाली पंखांचा साप,
पण घोड्याला तोंड नाही,
स्वाराच्या हातात तलवार आहे असं समजून घ्यायचं.
कुठली बाजू आत असायची, मी विचारलं.
तिने छातीवर हात ठेवला.
आजी, मग आई, मग ही:
तिघींच्या घामाने घोडा पुसला,
राजा बाहेर उन्हात राहिला.

आजा गव्वास होता, म्हणाली.
नाकाला चिमटा, पायाला धोंडा, तळाशी शिंपले.
एका मोसमात नोखद्याने उचल कापून घेतली
आणि तरीही हातावर हे एक उरलं.
असं एकदाच झालं.
बोलण्याच्या नादात काट्याचं शून्याचं बटण
माझ्याकडून दाबलं गेलं.

साल एकोणीसशे अठरा.
सालाच्या डोक्यावर, जमिनीच्या रेघेत, एक उभी दांडी.
ओरखडा समजून काडीने टोकरलं. गेली नाही.
काळबादेवीच्या भट्टीवर चुलत्याने शिकवलेलं:
गिनी गाळायच्या आधी सालाच्या वर बघ,
दांडी असली तर ती फोर्टातल्या टांकसाळीची.
आपल्याकडे एवढं एकच साल पाडली.
आणि मग तो गाळायचाच.

"ही बंबईची आहे," मी म्हटलं.
ती हसली. दोनच दात, एक सोन्याचा.
"म्हणजे तुझ्या गावची!"
विटा तिथून एसटीने रात्रभर लांब,
पण एवढी अरबी मला येत नाही.
हो म्हटलं.

मग भाव सांगितला, आजचा, दिनारात, फिल्ससकट.
दांडीला शौकीन थोडं वर देतात, तेही सांगितलं,
पण डाख लागला की नाण्याचा दागिना होतो
आणि दागिना वजनाने जातो.
शेठ घेतील. संध्याकाळी माझ्याकडेच येईल,
मूस घासून ठेवलेली आहे.
हे शेवटचं बोललो नाही.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं,
"आणि विकली नाही, तर कितीची?"

मी पुन्हा भिंग लावलं, उगाच.
त्या घोड्याच्या जागी बघत राहिलो, जिथे तोंड असायला हवं.
तिने वाट बघितली नाही.
ताटलीतून नीरा उचलली,
रुमालाला दोन गाठी मारल्या, दुसरी दातांनी ओढून,
आणि पडदा सारून उन्हात गेली.

काट्यावर लाल आकडे लागले होते:
वजा आठ बासष्ट.
शेठचं खाकरणं जिन्यावर ऐकू आलं
तेव्हा शून्य केलं.